तीर्थाची वाटी

लातूर, ९ जानेवारी, गुरुवार

दामिनी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. लिहीत नाही. कागद संपेपर्यंत राग उतरला तर खाली लिहीन.

सात वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही हे खरं आहे. फोन करून बघितला तर तुझ्याकडं माझा नंबर लागत नाही. तू तो बंद करून ठेवला आहेस, असं तुझा भाऊ सोमेश म्हणतो. बापाचा नंबर बंद करायला कुठं बोट लावायचं तेवढं बरोबर शिकलीस. म्हणून पोस्टानं लिहितो. नांदेडच्या विष्णुपुरीचा पोस्टमन तरी माझं नाव बघून माघारी फिरणार नाही.

तुला जन्म देणारी तुझी अव्वा मशीनवर आहे. तोंडात नळी, दोन्ही हात पलंगाला बांधलेले. बांधलेले! जिनं चाळीस माणसांच्या भाकरी एका बैठकीत थापल्या, तिचे हात पट्टीनं बांधलेत. का, तर झोपेत नळी ओढून काढील.

पित्ताच्या पिशवीत खडे होते. दुर्बिणीचं ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी जळकोटला घरी, असं बोलणं होतं. सोमवारी दहा वाजता आत नेलं. अकराला सर्जन बाहेर येऊन सांगतात, ऑपरेशन केलंच नाही. भूल देताना पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात गेलं. आता चार-पाच दिवस झोपवून ठेवावं लागेल. असं सांगतात जसं काही पीठ भिजवून ठेवायचं आहे.

भूल देणारी एक पोरगी आहे, आरती नावाची. डॉक्टर म्हणे. वेणी बघावी तर कॉलेजला निघाल्यासारखी. ती माझ्यासमोर उभी राहून विचारते, "आजोबा, आजी नक्की उपाशी होत्या ना? पोटातून दह्यासारखं पांढरं निघालं."

मी म्हणालो, "बाई, आमच्या घरात सोमवारी पूजेआधी कुणी पाण्याच्या थेंबाला शिवत नाही. उपास तू मला शिकवू नको."

पांढरं काय, तिच्याच औषधाचं असेल.

आणखी ऐक. सोमेशच्या हातात त्यांनी अव्वाच्या लिंगाची चांदीची डबी आणून ठेवली. रिकामी. जन्मानंतर आठव्या दिवशी जे इष्टलिंग तिच्या अंगावर आलं, तुमच्या बाळंतपणात जे काढलं नाही, ते यांनी गळ्यातून काढलं. लिंग अंगावेगळं झालं तर आपल्या लिंगायतांत जिवंत माणूसही मेल्यात धरतात, हे तू विसरली नसशील.

तू असल्याच खोलीत काम करतेस. तू सिस्टर झालीस तेव्हा मी जे बोललो ते मला आठवतं, आणि नांदेडात जातीबाहेर लग्न केलंस तेव्हा बोललो तेही आठवतं. त्यातलं काही परत घेत नाही. पण एवढं सांग, भूल देणारीची चूक कागदावर कशी धरायची? सोमेश अर्ज लिहून राहिला आहे. त्यात कच्चा शब्द जायला नको.

तू घर सोडलंस ते मी दुपारचा झोपलेलो असताना. सांगून जायची हिंमत झाली नाही. आता तरी हिंमत कर आणि अव्वासाठी दोन ओळी लिही.

राग उतरला नाही.

गुरुपादप्पा


लातूर, १४ जानेवारी, संक्रांत

दामिनी,

तुझं उत्तर सोमेशच्या मोबाइलवर आलं. मोजून एक ओळ. "त्या दिवशी सकाळी अव्वानं काय काय घेतलं, वेळेसकट लिहा."

मी विचारलं चोर कसा धरायचा, आणि तू माझीच झडती घ्यायला बसलीस. तुम्ही सगळ्या पांढऱ्या कपड्यातल्या एकमेकींना सांभाळून घेता, हे मला पहिल्या दिवशीच कळायला पाहिजे होतं.

घे लिहून. पाच वाजता उठली. आंघोळ केली. पूजा केली. पूजा झाली. संपलं.

परवा तोंडातली नळी काढली. सोमेशनं हात धरला तर तिनं त्याचा हात दाबला. मी पुढं झालो, म्हणालो, "सिद्धे, ओळखलंस का मला?" तिनं माझ्याकडं बघितलं, पक्कं बघितलं, आणि तोंड भिंतीकडं केलं. काल तेच. आज तीळगूळ घेऊन गेलो, जिभेला नुसता लावायचा म्हणून. डोळे मिटून घेतले.

तिला बघायला दुसरा एक डॉक्टर येतो. म्हणतो, "झोपेच्या औषधांचा अंमल आहे, काका. म्हाताऱ्या माणसांना थोडे दिवस भ्रम होतो, उतरेल." बेचाळीस वर्षं ही बाई माझ्याशी तोंड मिटून राहिली नाही. भांडली, टाकून बोलली, एकदा तर पोळपाट घेऊन अंगावर आली, पण गप कधी नाही. आणि हा म्हणतो, उतरेल! बाईच्या डोक्यात सहा दिवस विष सोडायचं, ती नवऱ्याला ओळखेनाशी करायची, आणि वर म्हणायचं उतरेल.

अर्जात हे घातलं आहे. "भूल दिल्यापासून रुग्णाची वाचा व ओळख गेली." सोमेशनं लिहिलं, मी सही केली.

जेवण जात नाही. कँटीनची आमटी म्हणजे हळदीचं पाणी. तुझ्या हातची शेंगदाण्याची चटणी आठवली, आणि आठवली म्हणून स्वतःचाच राग आला.

गु.


लातूर, २० जानेवारी

दामिनी,

हे सोमेशला दाखवू नको.

शुक्रवारी जळकोटहून दोन जीप भरून माणसं आली. मी बोलावली नव्हती. सोमेशनं बोलावली असतील. शेजारचा चंद्रप्पा सगळ्यांत पुढं. आरतीबाई जिन्यावरून खाली येत होती. हे तिला घेरून उभे राहिले. ती काउंटरमागच्या खोलीत शिरली आणि आतून कडी लावली. तासभर आत होती. चंद्रप्पा बाहेरून दार बडवून ओरडत होता, "भूल देतीस का जीव घेतीस? ये भायेर!" पोलीस आले तेव्हा तिला बाहेर काढलं. ओढणीचं टोक तोंडात घट्ट धरलेलं होतं. माझ्यासमोरून गेली. मी खांबाला टेकून उभा होतो. मी काही फेकलं नाही, काही बोललो नाही.

काही बोललो नाही, एवढंच लिहितो.

दवाखान्यानं तिला त्या दिवसापासून घरी बसवलं आहे. दोन फेब्रुवारीला दोन्हीकडच्या माणसांची बैठक आहे, तिथं तिचं काय करायचं ते ठरणार.

काल जगदेवी म्हणून सिस्टर आहे, औरादकडची, ती अव्वाचं अंग पुसत होती. मला म्हणाली, "काका, लिंग शोधून राहिलेत ना तुम्ही? हे बघा." डाव्या दंडाला कापसात गुंडाळून, वर पट्टी बांधून ठेवलेलं. पट्टीवर चिकटपट्टी आणि त्यावर पेनानं लिहिलेलं, 'देवाचं आहे. कुणीही सोडू नये. आरती.' डबी धातूची, ऑपरेशनात अंगावर धातू चालत नाही, म्हणून तेवढी सोमेशला दिली होती. सांगायला जी आया पाठवली तिनं नुसती डबी हातात दिली आणि गेली.

यांनी लिंग काढलं म्हणून मी बारा दिवस गावभर सांगितलं. बरं, काढलं नाही. म्हणून उलटीची चूक धुऊन निघते का? नाही निघत.

आणि ऐक. पडद्याबाहेर उभा होतो तर आत अव्वा हसली. जगदेवीला सांगत होती, "माझ्या थोरल्या पोरीचे हात तुझ्यावानीच हायेत, गार." म्हणजे वाचा शाबूत आहे. ओळख शाबूत आहे. म्हणजे फक्त माझ्याशी बोलायचं नाही. मी काय केलं? सहा दिवस खुर्चीवर बसून पाठ धरली माझी, ते काय उगीच?

तू परत तोच प्रश्न पाठवलास. मला एक सांग, मी नुसतं विचारून राहिलो. प्रसाद खाण्यात धरतात का? तीर्थ पिण्यात धरतात का? एकादशीला, शिवरात्रीला निर्जळी करणारा माणूससुद्धा तीर्थ घेतो, त्याचा उपास मोडत नाही. मग तुमच्यात कसं धरतात? लवकर कळव. बैठकीच्या आधी.

गु.


लातूर, २७ जानेवारी

दामिनी,

तू काल आलीस आणि गेलीस. माझ्यासमोरून गेलीस, मी दिसलो नाही असं करून. बरं केलंस. माझ्यासमोर थांबली असतीस तर मी काहीतरी वाकडं बोललो असतो.

मी पडद्याबाहेर होतो, हे तुला ठाऊक नसेल. अव्वा तुला सांगत होती ते सगळं ऐकलं. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी लिहून काढतो. जे कानानं ऐकलं ते हातानं लिहिल्याशिवाय माझ्यात उतरत नाही, ही जुनी खोड.

ती म्हणाली, "आत लई गार होतं. वर गोल दिवा, गुळाच्या ढेपेएवढा. ती पोरगी माझ्या कानाशी वाकली, म्हणाली, आजी, देवाचं नाव घ्या, मी हायेच. मी सुरू केलं. 'ओम नमः' म्हणलं. पुढचं 'शिवाय' कुठं गेलं ठावं न्हाई बघ. झोप नसती ती, दामिने. झोपेतून उठलं की मानसाला कळतं, आपुन झोपलो होतो. ह्ये तसं न्हाई. ठाणातला मधलाच वारभर कपडा कुणी कापून न्यावा आन् दोन्ही टोकं शिवून टाकावी, तसं."

तू विचारलंस, "आणि नंतर? मशीनवर होतीस तेव्हा?"

"ते वाईट," म्हणाली. "तवा मी झोपलेली बी न्हाई आन् जागी बी न्हाई. हिरीच्या तळाला पडलेली, आन् वर मानसं बोलून राहिलेली. हात बांधलेले. मला वाटलं दावणीला बांधलं मला, इकायला काढलं. मेलेली लक्ष्मम्मा जाऊबाई उशाशी बसून शेंगा सोलायची आन् फोलपटं माझ्या नरड्यात कोंबायची. ओरडाया जावं तर आवाज न्हाई. खरं कोन, खोटं कोन, कळंना. ती जगदेवी तेवढी रोज सांगायची, आजी, आज गुरवार हाय, तुम्ही दवाखान्यात हाव, मी आता तुमचा हात धरते. मगच हात लावायची. तिच्या बोलण्याला धरून मी वर आले."

मला वाटलं संपलं. मी पडदा सारणार तेवढ्यात म्हणाली,

"एक दिवस तुझे अप्पा आले. इभूतीचा वास आला, म्हणून वळखलं ह्ये खरं हाय, भास न्हाई. माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं म्हणत्याल, भिऊ नको. काय म्हणाले ठाव हाय? 'सिद्धे, उठलीस तर त्या वाटीचं कुणाला सांगू नको.' उठलीस तर. ऊठ म्हणले न्हाईत गं."

दामिनी, ते वाक्य माझंच आहे. मी बोललो. ती बेशुद्ध आहे असं समजून बोललो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, झोपेत आहेत, कळत नाही काही. भिंतीशी बोलावं तसं बोललो.

आता वाटीचं लिहितो. तू पंधरा दिवसांपूर्वीच ओळखलं आहेस, तरी माझ्या हातानं लिहिलं पाहिजे.

सोमवार होता. तिच्या लिंगाला पाण्याऐवजी पंचामृताचा अभिषेक मी सांगितला. दूध, दही, तूप, मध, साखर, वरून अर्धं केळं कुस्करून. मोठी वाटी, तुझ्या बारशातली. सव्वाआठ वाजता, दवाखान्याच्या खोलीतच. ती म्हणाली, "काय बी घेऊ नका म्हणलंय डॉक्टरीणबाईनं." मी म्हणालो, "हे खाणं न्हाई, तीर्थ हाय. देवाचं नाव पोटात असल्यावर भूल बाधत न्हाई. पी." ती प्यायली, वाटी बोटानं पुसून चाटली, सांडू नये म्हणून. पावणेदहाला आरतीनं विचारलं, "आजी, काही खाल्लं-प्यालं?" ती म्हणाली, "न्हाई बाई, कोरडी हाय." ती खोटं बोलली नाही. मीसुद्धा तोपर्यंत खोटा नव्हतो.

खोटा झालो अकरा वाजता. 'दह्यासारखं पांढरं' हे शब्द कानावर पडले त्याच क्षणी मला वाटी दिसली. पोरगी माझ्यासमोर उभी राहून विचारत होती, नुसतं हो म्हणायचं होतं. मी तिला उपास शिकवू नको म्हणालो.

तिच्यावर ओरडत होतो, तुझ्यावर ओरडत होतो, त्या आमटीवरसुद्धा ओरडलो. ज्याच्यावर ओरडायचं त्याच्याच तोंडानं ओरडत होतो, म्हणून पोचत नव्हतं.

गु.


लातूर, २४ फेब्रुवारी, सोमवार

दामिनी,

ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून लिहितो. मांडीवर झाकलेली वाटी आहे, म्हणून अक्षर तिरकं येतं.

बैठकीचं तुला सोमेशनं सांगितलं असेल, पण त्याचं सांगणं अर्धं, कारण तो मधूनच उठून गेला. वीस माणसं होती. चंद्रप्पा मिशीला पीळ देऊन बसलेला. मी पिशवीतून वाटी काढली आणि टेबलावर ठेवली. म्हणालो, "हिच्यात दूध, दही, केळं होतं. सव्वाआठला मी पाजलं. ही पोरगी खरं बोलत होती, मी नाही." चंद्रप्पा म्हणाला, "आरं गुरुपादप्पा, आमाला मग कशाला नाचवलं?" मी म्हणालो, "तू माझ्या शब्दावर नाचलास. आता त्याच शब्दावर हिची माफी माग." मागितली नाही. मी मागितली. सगळ्यांसमोर वाकून.

आरती रडली नाही की हसली नाही. म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला विचारलं होतं. त्या दिवशी तासाभरानं जरी सांगितलं असतं तरी चाललं असतं. नळी घालताना माझाच हात चुकला का, हे मी महिनाभर रोज स्वतःला विचारत होते."

तरी जित्याच्या खोडीप्रमाणं मी चिडलोच. म्हणालो, "तुम्ही खाल्लं का विचारता, प्यालं का विचारता. तीर्थ घेतलं का, असं का नाही विचारत? आमच्या गावात एकही माणूस तीर्थाला खाण्यात धरणार नाही. मी मेलो तरी धरलं नसतं." तिनं भुलीआधी विचारायच्या प्रश्नांचा छापील कागद ओढला आणि पेनानं एक ओळ वाढवली. तीर्थ, प्रसाद, मिसरी, पान. तिथंच. आता ती कामावर आहे.

अव्वा घरी आली, पण माझ्याशी अबोला तसाच. सगळं सोमेशमार्फत. "तुझ्या अप्पाला सांग, चहा निवून राहिला." मी समोर बसलेलो. "तुझ्या अप्पाला सांग, सदरा उलटा घातलाय." मी सात आठवडे असा तिऱ्हाईत माणसासारखा राहिलो आणि तेवढं मला कमीच पडलं.

खडे तसेच होते, तेव्हा आज पुन्हा भूल. सोमेश म्हणाला दुसऱ्या दवाखान्यात जाऊ. अव्वा म्हणाली, "तीच पोरगी पायजे. न्हाईतर खडे घेऊन मरते."

सकाळी पूजा झाली. साध्या पाण्याचं तीर्थ. अव्वानं लिंग डाव्या तळहातावर धरलं, मी पाणी घातलं, वाटीत धरलं आणि झाकून ठेवलं. तिनं वाटीकडं बघितलं, मी आता नको म्हणून मान हलवली. आरतीनं कागद घेऊन विचारलं, "आजी, तीर्थ?" तर ही म्हणते, "हे काय, यांच्या मांडीवर हाय. इचारा त्यांना, मोजून घ्या." जगदेवी फिदीफिदी हसली.

गाडी आत ढकलायला लागले. दारापाशी तिनं हात वर केला, थांबा म्हणून. मला जवळ बोलावलं. एकोणपन्नास दिवसांनी माझ्याशी बोलली.

"आता मी झोपल्यावर काय बोलायचं आसंल ते मोठ्यानं बोला. मी ऐकत असते."

आणि दार लागलं.

बसल्या बसल्या त्याच वाक्यात फिरतोय. आता तुझं. तू गेलीस त्या दुपारी मी बाजेवर पडलेलो. तू पायाशी आलीस. पायाला हात लावलास, तुझे हात गार होते. म्हणालीस, "अप्पा, मी जाते. उठा ना एकदा." दोनदा म्हणालीस. मग गेलीस.

मी जागा होतो, दामिनी. डोळे मिटून होतो, श्वास मुद्दाम लांब घेत होतो. सगळं ऐकलं. सात वर्षं सांगत आलो की पोरगी न सांगता गेली. तू सांगून गेलीस. मी उठलो नाही.

आशीर्वाद पहिल्या पत्रापासून राहिला आहे. तो लिहून देत नाही, तोंडानं देईन. माझा नंबर उघड.

जगदेवी दारातून माझं नाव घेऊन हाका मारून राहिली आहे. अव्वाला बाहेर आणलं, म्हणते, अजून गुंगीत आहे, पण जवळ बसा. वाटी घेऊन जातो. मोठ्यानं बोलायला जातो.

तुझा अप्पा